जे आहे तेच वाढवावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची मी अनेक वर्षांची वाचक आहे. न्यायालयात लघुलेखिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. समोरचा माणूस जे बोलला तेच आणि तेवढेच उतरवून घेणे हे माझे आयुष्यभराचे काम होते. त्या सवयीमुळे असेल, पण राजकीय सदरांतील जे लेख मनात राहतात त्यांची कात्रणे मी तारीख घालून एका वहीत चिकटवून ठेवते. या वहीतील दोन कात्रणे परवा समोरासमोरच्या पानांवर आली आणि ती एकापाठोपाठ एक वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

दोन्ही लेख एकाच स्तंभलेखकाचे आहेत. पहिला ऑगस्ट २०२३ मधला, कर्नाटकात 'गृहलक्ष्मी' योजना सुरू झाली त्या सुमाराचा. कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २००० रुपये देणाऱ्या त्या योजनेला लेखकाने मतदारांना चारलेली लाच ठरवले होते. ते राज्य दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे असल्याचे सांगितले होते आणि असे पैसे घेणाऱ्यांचा स्वाभिमान मेलेला आहे असा निष्कर्षही काढून टाकला होता. दुसरा लेख वर्षभरानंतरचा, आपल्या राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले तेव्हाचा. तेथे तेच लेखक या रकमेला स्त्रीशक्तीचा सन्मान म्हणतात आणि देशाच्या इतिहासात असा निर्णय कोणी घेतलाच नव्हता असे छातीठोकपणे लिहितात. मध्य प्रदेशातील 'लाडली बहना' योजना २०२३ मध्येच दरमहा १००० रुपयांनी सुरू झाली होती हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. कर्नाटकाची योजना तर ठाऊक होतीच, कारण तिच्यावर त्यांनीच अर्धे पान लिहिले होते.

ही खोड एकाच बाजूची आहे असे माझे म्हणणे नाही. याच वहीत विरुद्ध मताच्या एका लेखकांचीही कात्रणे आहेत. त्यांना कर्नाटकात सामाजिक न्याय दिसला, महाराष्ट्रात तिजोरीवरचा दरोडा दिसला, आणि नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या पसंतीच्या आघाडीने दरमहा ३००० रुपयांचे आश्वासन दिले तेव्हा त्यांनी त्या आठवड्यात दुसऱ्याच विषयावर लिहिले. सत्ताधारी बाजूने २१०० रुपयांचे आश्वासन दिले होते, त्याचा समाचार मात्र त्यांनी घेतला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे ही म्हण आपण मुलांना शिकवतो, आणि मोठी माणसे सार्वजनिक व्यासपीठावरून राजरोस तसे वागतात.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई या योजनेच्या लाभार्थी आहेत. पहिल्या दोन हप्त्यांचे पैसे एकदम आले तेव्हा त्यांनी मुलीची गणिताची शिकवणी लावली. स्वाभिमान मेल्याचे ते वाक्य त्यांच्यासमोर वाचून दाखवण्याचे धाडस मला कधीही होणार नाही, आणि त्यांना दिलेली रक्कम हा इतिहासातील अपूर्व सन्मान आहे हेही सांगवणार नाही, कारण दीड हजारांत त्यांचे महिन्याचे घरभाडेसुद्धा निघत नाही. या योजनेबद्दल विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची अट कोणी आणि कशी तपासली, या खर्चासाठी कोणत्या खात्याची कोणती कामे मागे पडली, निवडणूक झाल्यावर निकष का आवळले जातात, हे मला कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे होते. दोन्ही लेखकांनी ते केले नाही. एकाला आरती म्हणायची होती आणि दुसऱ्याला शिमगा करायचा होता.

अतिशयोक्तीलाच माझा विरोध आहे असा आपला समज होऊ नये म्हणून थोडे घरचे सांगते. माझे बालपण नागपूरच्या जागनाथ बुधवारी भागात गेले. तेथे मारबत म्हणजे गावावरची ईडा पीडा घेऊन जाणारी, मिरवणुकीने नेऊन जाळली जाणारी स्त्रीरूपी पुतळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या भागातून निघणारी पिवळी मारबत आणि इतवारीतून येणारी काळी मारबत शहीद चौकात समोरासमोर येतात तेव्हा तेथे पाय ठेवायला जागा नसते. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा पुकारा ज्याने लहानपणी आईच्या कडेवरून ऐकला त्याला अतिशयोक्ती म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका असलेल्या भोसले घराण्यातील बांकाबाईंशी लोक जोडतात. म्हणजे राज्यकर्त्यांच्या वागण्यावर रस्त्यात उभे राहून बोलण्याची रीत आमच्या शहराला एकोणिसाव्या शतकापासून आहे. मारबतींबरोबर निघणारे बडग्ये तर सरळसरळ त्या त्या वर्षाचे राजकारण असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, सीमेपलीकडचा शत्रू, दिलेला शब्द न पाळणारा पुढारी, सगळ्यांचे पुतळे मिरवतात आणि शेवटी जाळले जातात.

माझे मोठेबाबा बडग्या बांधण्यात वाकबगार होते. बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवायच्या, सुतळीने सांगाडा आवळायचा, त्यावर रद्दीचे कागद खळीने थर देऊन चिकटवायचे, मग जुने कपडे चढवायचे आणि सर्वांत शेवटी तोंड रंगवायचे, असा तो आठ-दहा दिवसांचा उद्योग असे. खळ ढवळण्याचे काम मुलींकडे होते. एका वर्षी एका पुढाऱ्याचा बडग्या होता आणि माझ्या चुलतभावाने त्याला भले मोठे पोट करून दिले. मोठेबाबांनी ते काढायला लावले. तो गृहस्थ अंगाने वाळकाच होता, त्याची ख्याती होती ती लांबलचक भाषणे देऊन काहीच न करण्याची. 'जे आहे तेच वाढवाचं, नाही ते लावाचं नाही,' असे मोठेबाबा म्हणाले, आणि त्या बडग्याला पोटाऐवजी गुडघ्यापर्यंत लोंबणारी जीभ लावली गेली. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने त्याला ओळखले, नाव लिहिण्याची गरज पडली नाही.

हा बडग्या काढणाऱ्या आमच्या मंडळाची दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे. पुढे काही वर्षांनी आमच्या गल्लीत उन्हाळाभर नळाला करंगळीएवढी धार येत होती. बडग्या कोणाचा करायचा हे उघड होते, पण आमच्या भागाचे नगरसेवक मंडळाचे मोठे देणगीदार होते. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सुचवले की यंदा पाकिस्तानचा बडग्या करू, आणि सगळ्यांना हायसे वाटले. मोठेबाबांनी कामट्या खाली ठेवल्या आणि ते घरी निघून आले. त्या वर्षी बडग्या दुसऱ्यांनीच बांधला. पुढच्या निवडणुकीत ते नगरसेवक पडले, दुसऱ्या पक्षाचे निवडून आले, त्यांच्याकडून देणगी येईना, तेव्हा त्याच मंडळींनी नव्या नगरसेवकांचा दुप्पट उंचीचा बडग्या केला आणि त्याच्या छातीवर रुग्णालयाचे पैसे खाल्ल्याचा फलक लावला. त्यांनी पैसे खाल्ल्याचे कोणालाही माहीत नव्हते. नळाची धार तेव्हाही करंगळीएवढीच होती आणि त्याबद्दल बडग्यावर एक अक्षर नव्हते. मी तेव्हा कॉलेजात होते. आज राजकीय सदरे वाचताना मला ती बैठक पुनःपुन्हा आठवते.

व्यंगचित्रकार नाक हातभर लांब काढतो तेव्हा ते खरोखर तेवढे आहे असे कोणीही समजत नाही. काढणारा आणि पाहणारा यांच्यात तसा करार असतो, आणि म्हणूनच ती अतिशयोक्ती प्रामाणिक असते. राजकीय भाष्यकाराचा वाचकाशी करार निराळा असतो. त्याच्या लेखाखाली 'ज्येष्ठ विश्लेषक' किंवा 'अभ्यासक' असे लिहिलेले असते, तो आकडे देतो, इतिहासाचे दाखले देतो आणि वाचक त्यावर विश्वास ठेवून मत बनवतो. विश्लेषकाच्या आसनावर बसून त्याने पराचा कावळा करायचा आणि कोणी बोट दाखवले की ती लेखनाची शैली होती म्हणायचे, हे मला पटत नाही. पुतळ्याला लावलेली जीभ आणि शपथेवर दिलेला जबाब यांत फरक आहे.

जबाबाचा उल्लेख आला म्हणून माझ्या कामाच्या जागेचे सांगते. साक्षीदार अतिशयोक्ती करतात. खरे बोलणारा साक्षीदारही करतो, कारण आपले दुःख समोरच्याला पुरेसे कळणार नाही अशी त्याला भीती असते. एकदा मारहाणीच्या खटल्यात एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की शंभर माणसे काठ्या घेऊन अंगावर आली. न्यायाधीशांनी त्यांना पाणी द्यायला सांगितले आणि मग विचारले की बाबा, त्यांतली नावाने किती ओळखता? त्यांनी सात नावे सांगितली. मी आधी 'शंभर' लिहिले होते, त्याखाली 'सात' लिहिले, आणि दोन्ही नोंदी तशाच राहिल्या. आपल्या न्यायालयांनी 'एका गोष्टीत खोटा तो सर्वच गोष्टींत खोटा' हा परदेशी दंडक जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. धान्य आणि कोंडा वेगळा करणे हे न्यायाधीशाचे काम आहे असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना पाखडणारे सूप मिळाले. वर्तमानपत्रातील लेखाला उलटतपासणी नसते, म्हणून ते पाखडण्याचे काम लेखकाने स्वतः करायचे असते आणि त्याने केले नाही तर संपादकांनी.

ते होत नाही तेव्हा शब्दांचे काय होते पाहा. आणीबाणी हा शब्द घ्या. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ रोजी उठली. या एकवीस महिन्यांत मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाखाहून अधिक माणसे तुरुंगात गेली, वृत्तपत्रांवर छपाईपूर्व नियंत्रण आले, आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असा निकाल दिला की स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दादच मागता येणार नाही. त्याला विरोध करणारे न्यायमूर्ती एकटे ह. रा. खन्ना होते. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांना त्या काळात पकडून नेले होते. त्यांच्या पत्नीला तुरुंगातून येणाऱ्या पत्रांतल्या काही ओळींवर काळी शाई फिरवलेली असे आणि त्या बाई ते पत्र खिडकीच्या उजेडाकडे धरून शाईखालची अक्षरे लावण्याचा प्रयत्न करीत. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. आज एखाद्या सभेची परवानगी एक दिवस उशिरा मिळाली तरी आणीबाणी आली असे लिहिले जाते, आणि सरकार बदलले की तोच शब्द दुसऱ्या बाजूचे लेखक उचलतात. आज नागरिकाला विनाकारण अटक होत असेल, पत्रकारावर दडपण येत असेल, तर ते गंभीरच आहे आणि त्याबद्दल नाव, गाव, कलम, तारीख देऊन लिहिलेच पाहिजे. मात्र प्रत्येक गैरसोयीला आणीबाणी म्हटल्यामुळे खऱ्या अटकेची बातमी आली तरी वाचकाचा हात पान उलटायला जातो. 'देशद्रोही' या शब्दाचे दुसऱ्या बाजूने हेच झाले आहे. सरकारच्या एखाद्या कंत्राटाचा हिशेब विचारणाराही देशद्रोही ठरू लागला, तर देशाची गुपिते विकणाऱ्याला काय म्हणायचे?

आता हसण्याविषयी. १९४८ साली शंकर यांच्या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या प्रकाशनाला पंडित नेहरू गेले आणि 'मलाही सोडू नका, शंकर' असे सांगून आले. हा प्रसंग आपल्याकडे सर्व पक्षांचे लोक सांगतात, मात्र बहुधा दुसऱ्या पक्षाला शिकवण्यासाठी. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, अबू अब्राहम यांचे चित्र छापून आले. राष्ट्रपती न्हाणीघराच्या टबात बसल्या बसल्या वटहुकमावर सही करून कागद दाराबाहेर देत आहेत, असे ते चित्र होते. त्यात नसलेले काही लावलेले नव्हते. सह्या होत होत्या, घाईत होत होत्या, आणि चित्रकाराने ती घाई फक्त न्हाणीघरापर्यंत नेली.

आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत काय घडले ते क्रमाने आठवून पाहावे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी पोलिसांनी पकडले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ चा असा वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले, आणि तरीही मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीचा मजकूर समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीला दुसऱ्या कलमांखाली अटक होऊन महिनाभराहून अधिक काळ कोठडीत आणि तुरुंगात राहावे लागले. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतामुळे कुणाल कामरा यांचा कार्यक्रम जेथे चित्रित झाला त्या खार येथील स्टुडिओची शिवसैनिकांनी तोडफोड केली. ज्या पक्षाचा उगम १९६० साली निघालेल्या एका व्यंगचित्र साप्ताहिकाशी जोडलेला आहे, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी हे करावे याचे मला फार वाईट वाटले.

माझ्या वहीत २०२२ आणि २०२५ या दोन्ही प्रसंगांवरील लेख आहेत. २०२२ मध्ये ज्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवले होते, त्यांतले बरेच जण २०२५ मध्ये विनोदाला मर्यादा असावी असे लिहू लागले. २०२२ मध्ये ज्यांनी संस्कार, वय आणि ज्येष्ठांचा मान यांचे दाखले देऊन अटकेचे समर्थन केले होते, त्यांना २०२५ मध्ये विडंबन हा लोकशाहीचा श्वास असल्याचे उमगले. दोन्ही वेळी एकच भूमिका घेणारे लेखक मला तीन सापडले. तो मजकूर मला स्वतःला अभिरुचीहीन वाटला होता, ते गाणे मला ठीक वाटले होते, पण माझ्या आवडीवर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असू नये. कोणाची खरोखर बदनामी झाली तर त्यासाठी कायदा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला त्या कायद्याने सुरुवातीपासून अपवाद दिलेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. सर्वांना एक माप म्हणजे बलवान आणि दुर्बळ यांना एकाच काठीने हाकणे नव्हे. शंकर यांनीच १९४९ साली काढलेले एक चित्र, ज्यात संविधानाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत, अकरावीच्या पाठ्यपुस्तकात असल्यावरून मे २०१२ मध्ये संसदेत वादळ झाले आणि पुण्यात त्या पुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड निषेधार्हच होती. पण ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात राहून मी एवढे नक्की सांगू शकते की, ज्यांच्या आजोबांनी खरोखरचे फटके खाल्ले त्यांना त्या चित्रातला चाबूक निराळा दिसतो आणि त्यांचे दुःख खोटे नाही. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला तेव्हा शांतपणे एवढेच विचारले होते की, तुम्हाला गोगलगाय आधी दिसली की चाबूक? मला गोगलगाय दिसली होती. आमच्या मंडळाने इतक्या वर्षांत नगरसेवकांचे बडग्ये केले, मंत्र्यांचे केले, नाल्या साफ करणाऱ्या माणसाचा कधी केला नाही. मोठेबाबांचे तेही एक माप होते.

पक्षांतराच्या शब्दकोशाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो सर्वांना तोंडपाठ आहे. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पडले तेव्हापासून आपल्याकडे 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९९१ च्या डिसेंबरात येथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले. २०२२ च्या जूनमध्ये शिंदे आणि २०२३ च्या जुलैमध्ये अजित पवार वेगळे झाले. एकच कृती करणारा आपल्या बाजूला आला तर तो उठाव आणि समोर गेला तर ती गद्दारी. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ साली आली, एक तृतीयांश फुटीला असलेली सूट २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली गेली, आणि तरीही पक्ष कसे फुटत राहिले, याचे सरळ विवेचन खंजीर आणि गद्दार या शब्दांच्या गर्दीत मला क्वचितच वाचायला मिळाले.

माझ्या जिव्हारी लागलेला प्रसंग मात्र वेगळा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट या भागांत लोक झोपेत असताना घरात पाणी शिरले. माझी धाकटी बहीण त्या भागात तळमजल्यावर राहते. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या फ्रिजवर, म्हणजे जवळजवळ खांद्याएवढ्या उंचीवर, चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती, आणि तिच्या मुलीची दहावीची पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती. पुढच्या आठवड्यात मी जे लेख वाचले त्यांतील काहींनी याला निसर्गाचा कोप म्हणून हात झटकले आणि काहींनी सरकारने जाणूनबुजून माणसे बुडवली असे लिहिले. मी जुनी वही काढली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते आणि महापालिकेत शिवसेना व भाजपची सत्ता होती. तेव्हाही एका छावणीला दोष फक्त मंत्रालयात दिसला होता आणि दुसरीला फक्त महापालिकेत. नागपुरात तर मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होते, म्हणजे जाब कोणाला विचारायचा हा प्रश्न आणखी टोकदार होता. नदीचे पात्र कोठे अरुंद झाले, तलावाच्या सांडव्यासमोर काय बांधले गेले, पहाटे धोक्याची सूचना कोणी द्यायला हवी होती, हे माझ्या बहिणीला हवे होते. ती मला म्हणाली, 'ताई, यांच्या भांडणात माझं घर कुठं आहे?' मला उत्तर देता आले नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत. जे स्तंभलेखक एखाद्या पक्षाचे पदाधिकारी आहेत किंवा त्या पक्षाच्या प्रचाराचे काम करतात, त्यांच्या लेखाखाली तसे स्पष्ट छापावे. मोर्चाला किंवा सभेला लाखो लोक होते असे लिहिले जाते तेव्हा हा आकडा पोलिसांचा, आयोजकांचा की वार्ताहराचा, हे त्याच वाक्यात यावे. यशवंत स्टेडियमवरून विधानभवनाकडे निघणारे मोर्चे मी वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिले आहेत आणि दुसऱ्या दिवशी छापलेल्या संख्या वाचून थक्क झाले आहे. चूक झाली तर दुरुस्ती ज्या पानावर चूक झाली तेथेच, दिसेल अशा अक्षरांत छापावी. प्रेस कौन्सिलचे निकषही चुकीची दुरुस्ती तातडीने आणि योग्य ठळकपणे करावी असेच सांगतात. आणि लेख छापायला घेण्यापूर्वी उपसंपादकांनी त्यातील पक्षांची नावे मनातल्या मनात अदलाबदल करून तो एकदा वाचावा. तेच आरोप, तीच विशेषणे दुसऱ्या पक्षाला लावलेली या लेखकाला चालतील का, हा प्रश्न लेखकाला फोन करून विचारायला दोन मिनिटे लागतात.

व्यंगचित्रांसाठी मी यातील काहीही मागत नाही. आपल्या पहिल्या पानावर पूर्वी रोज एक चौकट असायची, ती हल्ली अधूनमधूनच दिसते. ती पुन्हा रोज सुरू करावी, तीत सर्वांची नाके, जिभा आणि खुर्च्या हव्या तेवढ्या मोठ्या काढाव्यात, आणि त्यात जाहिरातदारांचे आणि देणगीदारांचेही नाक यावे.

या पत्रासोबत सुरुवातीला उल्लेखिलेल्या दोन्ही कात्रणांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत. आपल्याला शक्य झाल्यास त्या एका पानावर शेजारी शेजारी छापाव्यात आणि त्यांवर संबंधित लेखकांचे म्हणणेही मागवावे. मूळ कात्रणांची वही माझ्याकडे आहे. आपण वेळ दिल्यास ती घेऊन मी आपल्या कार्यालयात येईन.

आपली विश्वासू,
एक वाचक
महाल, नागपूर